युद्धाचा दोष कोणाचा? १९६२ च्या निमित्ताने एक अनेकान्ती विचार

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)



गेल्या पन्नास वर्षांत या सभागृहात अनेक साधु-साध्वींची प्रवचने आणि विद्वज्जनांची व्याख्याने झाली. त्या मालिकेत माझ्यासारख्या कापडाच्या व्यापाऱ्याला उभे करण्यात संयोजकांचे औदार्य आहे. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. इतिहासाचे वाचन ही माझी आवड आहे, अधिकार नव्हे, हे प्रारंभीच नमूद करतो. संयोजकांनी मला 'अनेकान्त आणि आजचे जग' असा विषय दिला. तो फार विस्तीर्ण असल्यामुळे त्यातील एकच प्रश्न मी विचारासाठी घेतला आहे. दोन शेजारी राष्ट्रांत युद्ध झाले, तर त्याचा दोष कोणाचा हे कसे ठरवावे? उदाहरण म्हणून मी १९६२ चे भारत-चीन युद्ध निवडले आहे. त्याला साठ वर्षे उलटून गेली, तरी त्याविषयीचा वाद मिटलेला नाही.

हा वाद किती टोकाचा आहे हे दोन ग्रंथांच्या केवळ नावांवरून कळते. लंडनच्या 'टाइम्स'चे दिल्लीतील वार्ताहर नेव्हिल मॅक्सवेल यांनी १९७० मध्ये एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच्या नावाचा अर्थ 'भारताचे चीन-युद्ध'. भारताने सीमेबाबत वाटाघाट नाकारली, चीनच्या ताब्यातील प्रदेशात चौक्या पुढे सरकवल्या आणि चीनला प्रत्युत्तर देणे भाग पाडले, असे त्यांचे प्रतिपादन. पुढे २०१८ मध्ये बर्टिल लिंटनर या स्वीडिश पत्रकारांचा ग्रंथ आला. त्यांनी नावातील दोन देशांची मुद्दाम अदलाबदल केली आणि 'चीनचे भारत-युद्ध' असे शीर्षक दिले. एवढ्या मोठ्या आक्रमणाची सिद्धता काही महिन्यांत होत नाही, चीनच्या मनात ते १९५९ पासूनच आकार घेत होते, असे त्यांचे म्हणणे. सीमा तीच, डोंगर तेच, मृत जवानही तेच. मात्र एका ग्रंथात युद्धाचा धनी भारत आणि दुसऱ्यात चीन.

आता कोणी विचारील, की या वादाशी श्रावकाचे काय देणे-घेणे? माझ्या मते फार जवळचे आहे. आपल्या आचारधर्माने गृहस्थाला संकल्पी हिंसा सर्वथा वर्ज्य केली आहे. स्वतःच्या, आश्रितांच्या वा देशाच्या रक्षणासाठी नाइलाजाने घडणाऱ्या विरोधी हिंसेला मात्र त्याच्यासाठी मर्यादित मुभा आहे. जगातील प्रत्येक राष्ट्र युद्धानंतर हीच मुभा मागते. चीनमध्ये १९६२ च्या युद्धाचे अधिकृत नावच 'सीमेवरील स्वसंरक्षणात्मक प्रतिहल्ला' अशा अर्थाचे आहे. आपण त्याच युद्धाला चिनी आक्रमण म्हणतो. म्हणजे दोन्ही बाजूंचा दावा असा, की आमची हिंसा विरोधी आणि तुमची संकल्पी. दोन्ही दावे एकाच वेळी पूर्णतः खरे असू शकत नाहीत. हिंसेचा हा भेद आपण मानतो, तर तो तपासायचा कसा हेही आपल्याला सांगता आले पाहिजे.

येथे अनेकान्ताविषयीचा एक रूढ गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. अनेकान्त म्हणजे 'तुमचेही खरे, त्यांचेही खरे', असे पुष्कळांना वाटते. मग युद्धाच्या दोषाबाबत निवाडा मागितला, की 'टाळी एका हाताने वाजत नाही' असे म्हणून निम्मा दोष इकडे आणि निम्मा तिकडे देऊन आपण मोकळे होतो. हा अनेकान्त नाही, हा आळस आहे. 'स्यात्' या पदाचा अर्थ 'कदाचित' असा नसून 'एका विशिष्ट अपेक्षेने' असा आहे. कोणत्या अपेक्षेने हे एकदा निश्चित केले, की त्या अपेक्षेपुरते उत्तर ठाम द्यावे लागते.

आपल्या व्यवसायातील बांधवांना हे चटकन उमजेल. दोन पेढ्यांच्या खात्यांत फरक पडला, एकीच्या वहीत येणे एक लाख आणि दुसरीच्या वहीत देणे साठ हजार निघाले, तर चांगला मुनीम ऐंशी हजारांवर तोड काढत नाही. तो दोन्ही उतारे समोरासमोर ठेवतो आणि कलमागणिक खूण करीत जातो. हे बिल दोन्हीकडे आहे. हा परत आलेला माल एकीकडेच जमा आहे. या रकमेची तारीख चुकली आहे. असे करीत गेल्यावर बहुतेक कलमे जुळतात आणि खरा वाद दोन-तीन नोंदींपुरता उरतो. तोड काढल्याने भांडण तात्पुरते थांबेल, पण चूक कोठे झाली ते कधीच कळणार नाही.

अशी कलमे पाडण्याची रीत आपल्या शास्त्रात आहे. तत्त्वार्थसूत्राच्या सहाव्या अध्यायात कर्मास्रवाच्या आधारांचे विवेचन करताना आचार्य उमास्वातींनी कृतीच्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत: संरंभ, समारंभ आणि आरंभ. संरंभ म्हणजे मनाशी केलेला निश्चय, समारंभ म्हणजे साधनांची जुळवाजुळव आणि आरंभ म्हणजे प्रत्यक्ष कृती. मराठीत समारंभ म्हटले, की आजच्यासारखा मंगल सोहळा डोळ्यांसमोर येतो. शास्त्रात मात्र तो शब्द हिंसेची सामग्री गोळा करण्यालाही लागू होतो. या तिन्हींना मन, वचन, काया हे तीन योग, कृत, कारित, अनुमत हे तीन प्रकार आणि क्रोध, मान, माया, लोभ हे चार कषाय यांनी गुणले, की एकशे आठ भेद होतात. जपमाळेच्या एकशे आठ मण्यांशी त्यांचा संबंध जोडण्याचा प्रघात आपणांस ठाऊक आहेच. पाप नेमके कोठे, कोणाकडून आणि कोणत्या भावनेने घडले हे शोधण्याचे यापेक्षा बारीक कोष्टक माझ्या पाहण्यात नाही. त्यातील काही घरांत १९६२ च्या घटना ठेवून पाहू.

प्रथम वादाचे मूळ. पूर्वेकडील मॅकमहोन रेषा १९१४ मध्ये सिमला परिषदेच्या काळात ब्रिटिश हिंदुस्थान आणि तिबेट यांच्यात ठरली. चीनने ती मान्य केली नाही. ती ज्या नकाशावर आखली, त्याचे प्रमाण एका इंचाला आठ मैल असे होते. पश्चिमेकडे लडाखच्या पलीकडील अक्साई चीनमध्ये तर ब्रिटिशांनी वेगवेगळ्या काळी वेगवेगळ्या रेषा सुचवल्या, पण चीनशी कोणतीही निश्चित केली नाही. स्वतंत्र भारताच्या नकाशांवर १९५४ पर्यंत हा भाग अनिश्चित सीमेचा म्हणून दाखवला जाई. त्या वर्षी तेथे ठाम रेषा आली. चीनने याच प्रदेशातून सिंकियांग आणि तिबेट यांना जोडणारा रस्ता काढून १९५७ मध्ये पूर्ण केला. एकाने नकाशावर रेषा पक्की केली, दुसऱ्याने जमिनीवर रस्ता पक्का केला. दोघांनीही शेजाऱ्याला विचारले नाही. त्याच वर्षांत पंचशीलाचा जयघोष चालू होता. १९५४ च्या त्या करारात सीमेचा प्रश्न उघडपणे घेतलाच गेला नाही.

आता संरंभ, म्हणजे निश्चय. १९५९ च्या मार्चमध्ये ल्हासा येथे उठाव झाला आणि दलाई लामा भारतात आले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लोंगजू येथे चकमक झाली. २१ ऑक्टोबरला लडाखमधील कोंगका खिंडीजवळ आपले दहा पोलीस जवान धारातीर्थी पडले. त्यांच्या स्मरणार्थ तो दिवस पोलीस स्मृतिदिन म्हणून पाळला जातो. एप्रिल १९६० मध्ये चौ एन-लाय दिल्लीला आले. पूर्वेकडे चीनने भारताचा ताबा मानावा आणि पश्चिमेकडे भारताने चीनचा, असा त्यांच्या सूचनांचा आशय होता. भारताने तो स्वीकारला नाही. बळाने घेतलेल्या प्रदेशाला मान्यता कशी द्यावी, असा आपला युक्तिवाद होता आणि तो निराधार नव्हता. तथापि त्यानंतर २ नोव्हेंबर १९६१ रोजी दिल्लीत निर्णय झाला, की वादग्रस्त भागात पुढे जाऊन लहान लहान चौक्या उभारायच्या. यालाच 'फॉरवर्ड पॉलिसी' म्हणतात. चीन मोठा प्रतिकार करणार नाही, हे त्यामागचे गृहीतक. हा युद्धाचा निश्चय नव्हता. परंतु ज्याच्या परिणामांना तोंड देण्याची ताकद नव्हती असा निश्चय होता. हे कलम निःसंशय आपल्या खात्यात पडते.

चीनच्या निश्चयाची तारीख हे मात्र खरोखरीचे वादाचे कलम आहे. लिंटनर १९५९ म्हणतात, मॅक्सवेल यांच्या मांडणीत तो १९६२ मधील प्रतिक्रिया ठरतो. जॉन गार्व्हर या अमेरिकन अभ्यासकांनी २००६ मध्ये केलेली मांडणी मला समतोल वाटते. चिनी नेतृत्वाच्या मनात दोन समजुती होत्या, असे ते दाखवतात. भारत तिबेट बळकावू पाहतो, ही एक आणि भारताच्या चौक्या पुढे सरकत आहेत, ही दुसरी. त्यांतील पहिली बव्हंशी चुकीची आणि दुसरी बव्हंशी बरोबर, असा त्यांचा निष्कर्ष. गार्व्हर जैन तत्त्वज्ञान जाणत असतील वा नसतील, पण कलमे पाडून खूण करण्याची रीत त्यांनी पाळली आहे.

दुसरी पायरी समारंभाची. तिबेटात चीनने रस्ते बांधले, साठे केले, उंचीवरील विरळ हवेला सरावलेले सैन्य उभे केले. आपल्याकडे जून १९६२ मध्ये ठागला कड्याच्या दक्षिणेस ढोला चौकी उभी राहिली. नकाशावरील रेषेप्रमाणे ती रेषेच्या उत्तरेला येत होती, तर पर्वतकण्याच्या तत्त्वाप्रमाणे भारताच्या हद्दीत. तेथे नामकाचू ओढ्याकाठी पाठवलेल्या अनेक जवानांच्या अंगावर सुती गणवेश होते आणि पायांत कॅनव्हासचे बूट. हिंसेची सामग्री जमवल्याचा दोष चीनच्या नावे लिहिताना, सामग्रीविना स्वतःचे जवान पुढे धाडले, हाही हिंसेचाच एक भेद आहे, हे विसरता येणार नाही.

तिसरी पायरी आरंभाची. येथे माझ्या मनात कसलीही शंका नाही. ८ सप्टेंबरला ढोला चौकीला चिनी सैन्याचा वेढा पडला, १० ऑक्टोबरला चकमक झाली. १२ ऑक्टोबरला कोलंबोला निघताना पंडित नेहरूंनी विमानतळावर सांगितले, की आपला प्रदेश मुक्त करण्याच्या सूचना सैन्याला दिल्या आहेत. हे विधान अविचाराचे होते, असे म्हणता येईल. पण २० ऑक्टोबर १९६२ रोजी पूर्व आणि पश्चिम अशा दोन्ही आघाड्यांवर एकाच वेळी जो प्रचंड हल्ला झाला, तो चीननेच केला. एका चौकीच्या वादाला शेकडो मैलांवरील दोन आघाड्यांवर दिलेले उत्तर विरोधी हिंसेच्या मर्यादेत बसत नाही. भारताने वाटाघाट ताणली असे मान्य केले, तरी वाटाघाट ताणण्याचे प्रायश्चित्त मृत्यू हे नव्हे. २१ नोव्हेंबरला चीनने एकतर्फी युद्धविराम जाहीर केला. पूर्वेकडे तो मागे गेला, अक्साई चीन त्याने ठेवले. शासकीय आकड्यांनुसार आपले १,३८३ जवान मृत्युमुखी पडले, १,६९६ बेपत्ता झाले आणि सुमारे चार हजार युद्धकैदी झाले.

म्हणून माझा निवाडा असा आहे: आरंभाचे आणि त्याच्या अतिरेकाचे कलम चीनच्या नावे, बळावाचून पुढे पाऊल टाकण्याचे आणि लोकांना अंधारात ठेवण्याचे कलम तत्कालीन दिल्लीच्या नावे, अपुऱ्या सीमेचा वारसा साम्राज्यकाळाच्या नावे. या रकमा सारख्या नाहीत आणि त्या एकमेकींतून वजाही होत नाहीत. आपल्या चुकीने चीनचे आक्रमण न्याय्य ठरत नाही, तसेच चीनच्या आक्रमणाने आपली चूक पुसली जात नाही.

एक घर अजून उरले: कृत, कारित, अनुमत. कृत सैन्याचे, कारित सत्ताधाऱ्यांचे. मग अनुमत कोणाचे? ते तुमचे-आमचे. संसदेत आणि वृत्तपत्रांत तडजोड या शब्दालाच द्रोहाची कळा आली होती. त्या वातावरणात कोणत्याही नेत्याला वाटाघाटीची वाट धरणे अवघड झाले असते. चीनमध्ये तर सामान्य माणसाला मत मांडण्याची मुभाच नव्हती. आपल्याला होती, म्हणून आपली जबाबदारीही अधिक.

या अनुमतीचा एक परिणाम फारसा सांगितला जात नाही. युद्धानंतर आसाम, बंगाल, दार्जिलिंग, शिलाँग या भागांत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या सुमारे तीन हजार चिनी वंशाच्या लोकांना पकडून राजस्थानातील देवळी येथील छावणीत ठेवण्यात आले. त्यांत वृद्ध होते, गर्भवती स्त्रिया होत्या, शाळकरी मुले होती. पुष्कळांचा चीनशी संबंध केवळ आडनावापुरता होता. काहींना सुटायला १९६७ उजाडले; परत आल्यावर घरदार आणि धंदा राहिला नव्हता. पेकिंगमधील निर्णयाचा दोष खोगीर वा चपला शिवणाऱ्या कारागिरावर जाऊन बसला. दोषाची कलमे न पाडता तो अख्ख्या 'चिन्यांच्या' नावे टाकला, की असे घडते. अल्पसंख्य समाज म्हणून जगणाऱ्या आपल्यासारख्यांनी तरी हे ध्यानात ठेवावे.

यावर एक आक्षेप येतो आणि त्याचा मी आदर करतो. १५ जून २०२० रोजी गलवान खोऱ्यात आपले वीस जवान हुतात्मा झाले. त्याच खोऱ्यातील आपल्या चौकीला जुलै १९६२ मध्ये चिनी सैन्याने वेढले होते. सीमेवर अशी परिस्थिती असताना स्वतःच्या देशाच्या चुका उगाळणे म्हणजे जवानांचा अपमान नव्हे काय? मला वाटते, शौर्य आणि निर्णय ही दोन स्वतंत्र खाती आहेत. १८ नोव्हेंबर १९६२ रोजी रेझांगला येथे मेजर शैतानसिंग आणि त्यांच्या कुमाऊँ तुकडीचे शंभराहून अधिक जवान जागचे न हलता मरण पावले. त्यांच्या शौर्याला तसूभरही उणेपणा येत नाही. उलट, त्यांना त्या स्थितीत का लढावे लागले हे न विचारणे, हा त्यांच्यावरील अन्याय होय.

या संदर्भात भगवतीसूत्रातील वरुणाची कथा अत्यंत उद्बोधक आहे. मगधाचा कूणिक आणि वैशालीचा चेटक या शेजारी राजांत युद्ध पेटले. कारण एक हत्ती आणि अठरा सरांचा हार. वैशालीच्या बाजूने लढणारा वरुण हा व्रती श्रावक होता. जो प्रथम प्रहार करील त्याच्यावरच प्रहार करायचा, असा त्याचा नियम. शत्रूने 'मार' म्हटले तरी तो थांबला. शत्रूचा बाण लागल्यावरच त्याने आपला बाण सोडला. विरोधी हिंसेचे याहून निर्मळ उदाहरण मिळणार नाही. तरीही घायाळ वरुणाने 'पहिला बाण त्याचा होता' असे म्हणून समाधान मानले नाही. तो रणांगणातून बाजूला गेला, त्याने आलोचना केली, प्रतिक्रमण केले आणि समाधिमरण स्वीकारले. निर्दोष बाजूने लढणाऱ्यालाही स्वतःचा हिशेब तपासावा लागतो, हे आगम सांगते. मराठीत आलोचना म्हटले, की दुसऱ्यावरील टीका असे कोणास वाटेल. आपल्या परंपरेत तो शब्द स्वतःच्या दोषांच्या निवेदनासाठी आहे.

आपल्या राष्ट्राने अशी आलोचना अर्धीच केली. पराभवानंतर महाराष्ट्राचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. सह्याद्री हिमालयाच्या मदतीला गेला, ही भावना त्या वेळी मराठी मनात दाटून आली होती. लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रुक्स आणि ब्रिगेडियर प्रेमिंद्रसिंग भगत यांनी चौकशी करून १९६३ मध्ये अहवाल दिला. प्रशिक्षण, साधनसामग्री, हुकूमव्यवस्था, जवानांची शारीरिक क्षमता आणि अधिकाऱ्यांची योग्यता हे पाच विषय त्यांच्याकडे सोपवले होते. युद्ध का झाले आणि निर्णय कोणी घेतले, हा प्रश्न त्यांत नव्हताच. चव्हाणांनी २ सप्टेंबर १९६३ रोजी लोकसभेत त्याचे सार सांगितले; मूळ अहवाल गोपनीय राहिला. २०१० मध्ये तत्कालीन संरक्षणमंत्र्यांनी तो प्रसिद्ध करण्यास संसदेत नकार दिला. २०१४ मध्ये त्याचा मोठा भाग जगापुढे आणला तो मॅक्सवेल यांनी. स्वतःच्या बळाऐवजी चीन प्रतिकार करणार नाही या समजुतीवर आपण विसंबलो, असा अभिप्राय त्यात आहे. जे आपण आपल्या मुखाने सांगायचे, ते आपल्याला दोषी ठरवणाऱ्या परकीयाकडून जगाला कळले. यात देशाची प्रतिष्ठा राखली गेली, असे मला वाटत नाही. चीनने तर आपले दफ्तर याहून घट्ट बांधून ठेवले आहे आणि गलवानमधील आपले चार सैनिक गेल्याचे सांगायलाही त्याला फेब्रुवारी २०२१ पर्यंत वेळ लागला.

बंधू-भगिनींनो, संस्थेच्या ग्रंथालयाच्या विस्ताराची योजना या सुवर्णमहोत्सवात हाती घेतली आहे. माझी विश्वस्तांना नम्र विनंती आहे, की आगमग्रंथांच्या कपाटाशेजारी इतिहासाचेही एक कपाट असावे आणि त्यात मॅक्सवेल व लिंटनर हे दोन्ही ग्रंथ एकाच फळीवर ठेवावेत. त्यांचा खर्च मी आनंदाने उचलीन. आपल्या मंडळातील तरुणांनी दोन्ही वाचावेत, वहीत कलमे पाडावीत आणि मग वाद घालावा. वाद झाला तर बिघडत नाही. उतारे न पाहता घातलेला वाद तेवढा टाळावा.

 बोलण्याच्या ओघात जिनाज्ञेविरुद्ध काही निघाले असेल, तर मिच्छामि दुक्कडम्.